हिरवळीचा नकाशा

७ ऑगस्ट २०२१ हा शनिवार होता. त्या दिवशीं भल्या पहाटेपासून, ज्या घरांत गोल्फचें नांवही क्वचितच निघालें असेल अशा पुष्कळ घरांतून मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली होती. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत बंगळूरची तेवीस वर्षांची अदिती अशोक पदकाच्या अगदीं उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. चार दिवसांचा खेळ; शेवटच्या दिवशीं विजांमुळें तो मध्येंच थांबला, पुन्हां सुरू झाला, आणि अखेर ती अठराव्या हिरवळीवर येऊन उभी राहिली. तेथून एक लांबचा टोला भोंकांत पडता, तर पदकासाठीं आणखी एकदां झुंजण्याची संधि तिला मिळाली असती. चेंडू पडला नाहीं. चार दिवसांचे तिचे एकंदर फटके २६९ झाले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकेच्या नेली कोर्डा हिचे २६७. जपानची मोने इनामी व न्यूझीलंडची लिडिया को या दोघींचे प्रत्येकीं २६८. एका फटक्यानें पदक हुकलें. त्या चारही दिवशीं जी बाई तिची जड पिशवी खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर चालत होती, ती कोणी धंदेवाईक कॅडी नव्हती. ती तिची आई होती.

गोल्फ म्हणजे श्रीमंतांनीं हिरव्या मैदानावर मारलेली रपेट, अशी आपल्यांतील पुष्कळांची समजूत असते. आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं. परंतु त्या पहाटे ज्यांनीं तो सामना पाहिला, त्यांना एका गोष्टीचें नवल खचित वाटलें असेल. दोन-अडीचशें यार्ड लांब चेंडू भिरकावतांना हे खेळाडू जेवढा वेळ घेतात, त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ दहा-वीस फुटांवरून तो नुसता ढकलण्यापूर्वीं घेतात. खालीं बसून पाहतात, भोंकाच्या पलीकडे जाऊन उलट बाजूनें पाहतात, मग एक लहानसें पुस्तक उघडून त्यांत कांहींतरी वाचतात. अदिती ही लांब फटके मारणारांपैकीं नव्हे. त्या साठ खेळाडूंत तिच्यापेक्षां लांब मारणाऱ्या पुष्कळ होत्या. तिनें ती उणीव भरून काढली ती हिरवळीवर, आणि हिरवळीवरील खेळांत ती त्या साठ जणींत सर्वांत सरस ठरली. तेव्हां हें हिरवळीचें वाचन म्हणजे काय प्रकरण आहे, तें पाहूं.

ज्या कातरलेल्या, गालिच्यासारख्या जागेंत भोंक असतें, तिला इंग्रज लोक ग्रीन म्हणतात. आपण हिरवळ म्हणूं. तेथें चेंडू उडवावयाचा नसतो, जमिनीवरून घरंगळवीत न्यावयाचा असतो; या टोल्याला 'पट' असें नांव आहे. भोंकाचा व्यास सव्वाचार इंच. हें माप १८९१ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूजच्या मंडळानें ठरवून दिलें, आणि तेव्हांपासून तें बदललेलें नाहीं. चेंडूचा व्यास निदान १.६८ इंच, व वजन फार तर १.६२ औंस, म्हणजे सुमारे चार तोळे. भोंक चेंडूच्या अडीच पट रुंद आहे; आपल्या गोट्यांच्या खेळांतील गलीच्या मानानें पाहिलें तर ही सवलत कांहीं थोडी नव्हे. आणि तरीही जगांतील अव्वल दर्जाचे पुरुष खेळाडू आठ फुटांवरून दोन टोल्यांत एकदांच यशस्वी होतात. वीस फुटांवरून शंभरांत सुमारे पंधरा वेळां. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनीं अमेरिकेंतील व्यावसायिक सामन्यांतील असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून हे आंकडे काढले. त्यांवरून आणखी एक गमतीची गोष्ट दिसते. तेहतीस फुटांवरून या खेळाडूंना सरासरीनें बरोबर दोन टोले लागतात. त्याहून दूर गेलें, कीं दोन टोल्यांत काम उरकणें हीच कमाई.

याचें कारण असें कीं हिरवळ सपाट नसते. ती सपाट ठेवली तर पावसाचें पाणी तिच्यावर सांचेल आणि गवत कुजेल. न्हाणीघराच्या फरशीला ज्या कारणासाठीं गवंडी मोरीकडे उतार देतो, त्याच कारणासाठीं हिरवळ बांधणारा तिला उतार देतो. फरक इतकाच कीं तो एका बाजूला देऊन थांबत नाहीं, दोन-तीन बाजूंना देतो, मध्यें एखादी पायरी ठेवतो, एखादी पाठ फुगवतो, आणि हें सर्व असें दडवतो कीं डोळ्यांस तें दिसूं नये. शंभर फुटांत दोन फूट उतार असला, तर चालणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं. पण चेंडू त्यावरून आडवा चालला, तर दहा फुटांच्या प्रवासांत वीत दीड वीत खालच्या अंगाला वळतो. वळणही सर्वत्र सारखें नसतें. निघतांना चेंडूच्या अंगीं जोर असतो, तेव्हां तो जवळजवळ सरळ जातो. जोर ओसरूं लागला कीं उताराचें राज्य सुरू होतें. म्हणून शेवटच्या तीन-चार फुटांतच तो सर्वांत अधिक वळतो. आणि म्हणूनच जाणते खेळाडू आपल्या पायांजवळील जमिनीपेक्षां भोंकाच्या भोंवतालची जमीन अधिक बारकाईनें न्याहाळतात.

उतार एवढी एकच बाब असती, तर एकदां नकाशा काढला कीं काम संपलें असतें. परंतु तोच उतार हळू हिरवळीवर चेंडूला थोडा वळवितो व जलद हिरवळीवर फार वळवितो. हा वेग मोजण्याचें साधन शोधून काढणारे एडवर्ड स्टिंप्सन हे स्वतः हौशी खेळाडू होते. १९३५ सालीं अमेरिकेचे खुले सामने पेन्सिल्व्हेनियांतील ओकमाँट येथें झाले. ते पाहतांना स्टिंप्सन यांची खात्री पटली कीं येथील हिरवळी अवाजवी गुळगुळीत आहेत; परंतु नुसत्या खात्रीला कोण विचारतो? त्यांनीं घरीं येऊन एक लांकडी पन्हळ बनविली. ठराविक उंचीवरून चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि तो सपाट जागेवर किती दूर जातो तें फुटांत मोजावयाचें, एवढेंच तें यंत्र. पुढें चाळीस वर्षें कोणी त्याची फारशी दखल घेतली नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेच्या गोल्फ मंडळानें तें ॲल्युमिनियमचें करवून घेतलें व १९७८ पासून मैदानांच्या देखरेखीवर असणाऱ्या लोकांस दिलें. छत्तीस इंचांची पट्टी, तिच्यांत खालच्या टोकापासून तीस इंचांवर एक खांच. पट्टीचें टोक हळूहळू उचलीत गेलें म्हणजे सुमारे वीस अंशांच्या कोनावर चेंडू आपण होऊन सुटतो, त्यामुळें मोजणाराच्या हाताचा जोर त्याला लागत नाहीं. तीन चेंडू एका दिशेनें, तीन उलट दिशेनें, आणि त्यांची सरासरी. त्या वेळीं अमेरिकेंत ठिकठिकाणच्या हिरवळी मोजल्या, तेव्हां सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली होती. आज मोठ्या सामन्यांतून बारा फूट, किंबहुना त्याहूनही अधिक, वेग ठेवतात. आजोबांच्या काळचा खेळाडू आजच्या हिरवळीवर आला, तर त्याचा चेंडू खालीं उतरून पलीकडच्या वाळूंत जाऊन बसेल.

तिसरी बाब गवताची. आणि येथें आमच्या वाचक-भगिनींस एक ओळखीची वस्तु भेटेल. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर ज्या गवताला बर्म्युडा ग्रास असें भारदस्त नांव आहे, तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपली हरळी होय; गणपतीला वाहतों त्या दूर्वांचें कूळ. हिरवळीवर लावतात ती तिची बारीक पानाची संकरित जात असते, एवढेंच. हरळीचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे: ती उभी वाढत नाहीं, सरपटत जाते. त्यामुळें तिची पातीं एका अंगाला निजलेलीं असतात. पात्यांच्या कलानें चेंडू गेला तर भरकन् जातो; कलाविरुद्ध गेला तर अडखळतो. पाहण्याची खूण सोपी आहे. एका बाजूनें पाहिलें असतां हिरवळ चकचकीत व फिकी दिसली, तर पातीं आपल्यापासून दूर निजलीं आहेत. काळपट दिसली, तर आपल्याकडे तोंड करून आहेत. भोंकाच्या कडेकडे वांकून पाहिलें तर एक बाजू साफ कापलेली व दुसरी कुरतडल्यासारखी दिसते. त्यावरूनही गवताचा कल कळतो. थंड हवेच्या प्रदेशांत बेंट नांवाचें दुसरें गवत लावतात. त्याचा हा हट्ट पुष्कळच सौम्य असतो. जॉर्जियांतील ऑगस्टा येथील विख्यात मैदानानें १९८१ च्या सामन्यांच्या सुमारास हरळी काढून बेंट लावलें, आणि तेथील हिरवळी कांचेसारख्या झाल्या.

आतां नकाशाकडे वळूं. हें ज्ञान पूर्वीं कागदावर नव्हतें. तें माणसांत होतें. ऑगस्टा येथें १९३४ पासून भरणाऱ्या मास्टर्स सामन्यांत १९८२ पर्यंत खेळाडूंस बाहेरचा कॅडी आणण्याची मुभा नव्हती; मैदानावरील स्थानिक कॅडीच घ्यावा लागे. हे कॅडी कृष्णवर्णी होते, गरीब होते, आणि त्यांपैकीं बरेच लहानपणापासून त्या मैदानावर वावरलेले होते. कार्ल जॅक्सन यानें तेथें पहिला मास्टर्स केला तो १९६१ सालीं. बेन क्रेनशॉ या खेळाडूनें १९८४ व १९९५ अशीं दोन विजेतेपदें त्याच्याच सोबतीनें मिळविलीं. ऑगस्टाच्या हिरवळींबद्दल तेथील जुन्या लोकांत एक समजूत रूढ आहे कीं डोळ्यांस कांहींही दिसो, चेंडू रेज क्रीक या ओढ्याकडे वळतो. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण तिच्यांत मर्म आहे. ओढा मैदानाच्या खालच्या अंगाला आहे, सगळी जमीन तिकडे कललेली आहे, आणि अशा कललेल्या जमिनीवर उभें राहिलेल्या मनुष्याच्या डोळ्यांना खरी समपातळी कोणती हेंच उमगत नाहीं. डोंगराळ मुलखांत चढ आहे असें वाटणाऱ्या रस्त्यावरून गाडी आपोआप पुढें जातांना कित्येकांनीं पाहिली असेल. तोच हा दृष्टिभ्रम. ज्यानें तें मैदान वीस पावसाळे पाहिलें आहे, त्याला पाणी कोठें जातें तें ठाऊक असतें. हें ज्ञान ज्यांच्यापाशीं होतें त्यांस स्वतः त्या सामन्यांत खेळण्याचा अधिकार मात्र नव्हता, ही गोष्ट येथें नमूद केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

मोजमापाची वही आली ती दुसऱ्या वाटेनें. जीन अँड्र्यूज हा अमेरिकन हौशी खेळाडू मैदानावरील अंतरें पावलांनीं मोजून टिपून ठेवीत असे. ती युक्ति डीन बीमन यानें उचलली, व १९६१ सालीं पेबल बीच येथील सामन्यांच्या वेळीं त्यानें ती तरुण जॅक निकलस याला सांगितली. निकलसनें तो सामना जिंकला आणि पुढें जन्मभर अंतरें टिपलीं. त्यानंतर हळूहळू प्रत्येक मोठ्या मैदानाची छापील वही मिळूं लागली. तोंवर तिच्यांत मुख्यतः अंतरेंच असत. मग लेसर किरणांनीं जमीन मोजण्याचें यंत्र आलें. हिरवळीच्या कडेला तें मांडलें कीं हजारों ठिकाणांची उंची टिपली जाई; त्यावरून तयार होणाऱ्या पुस्तकांत प्रत्येक हिरवळीवर बाणांची दाटी व प्रत्येक बाणाशेजारीं उताराचा टक्का! खेळाडूनें चेंडू कोठें आहे, भोंक कोठें आहे, तेवढें पाहावें आणि बाण वाचावेत.

यावर मोठा वाद माजला, आणि आमच्या मतें तो क्षुल्लक नव्हता. एका पक्षाचें म्हणणें, मेहनत करून माहिती मिळविणें यांत गैर तें काय? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, मेहनत कोणी केली? यंत्रानें. उताराची पारख हें या खेळांतील एक कौशल्यच आहे. तें विकत मिळूं लागलें तर उरलें काय? शिवाय भोंकापासून दोन फुटांवर उभा राहून पुस्तक चाळणारा खेळाडू पाहण्यांत कोणाला गोडी वाटणार? नियम करणाऱ्या दोन्ही मंडळांनीं आधीं मधला मार्ग काढला. १ जानेवारी २०१९ पासून हिरवळीचा नकाशा पांच यार्डांस तीन-अष्टमांश इंच यापेक्षां मोठ्या प्रमाणांत नसावा, आणि पुस्तक सव्वाचार इंच रुंद व सात इंच लांब यांहून मोठें नसावें, असें ठरलें. म्हणजे बाण राहिले, पण मुंगीएवढे झाले. त्यानें वाद मिटेना, तेव्हां १ जानेवारी २०२२ पासून सामना भरविणाऱ्या मंडळास एक स्थानिक नियम लावण्याची मोकळीक मिळाली, व अमेरिकेच्या आणि युरोपच्या व्यावसायिक सामन्यांनीं तो लगेच लागू केला. आतां तेथें मंडळानें मान्य केलेलें एकच पुस्तक वापरावयाचें. त्यांत हिरवळीवरील ठळक पायऱ्या व कडा तेवढ्या दाखविलेल्या असतात. त्यांत हातानें टिपण करण्यास हरकत नाहीं. पण तें खेळाडूनें किंवा त्याच्या कॅडीनें स्वतः पाहून, स्वतः चेंडू घरंगळवून, फार तर सामन्याचें प्रक्षेपण पाहून मिळविलेलें असावें. जुन्या पुस्तकांतून बाण उतरवून घेणें नाहीं, लेव्हल लावणें नाहीं. रोरी मॅकिलरॉय हा स्वतः असलीं पुस्तकें वापरीत असूनही बंदीच्या बाजूनें बोलला, ही गोष्ट त्याला भूषणावह आहे. ऑगस्टा येथें तर असलीं पुस्तकें कधींच चालूं दिलीं नाहींत. (ब्रायसन डिशांबो यानें २०१८ सालीं एका सामन्यांत शाळकरी पोराच्या कंपासपेटींतला कंपास काढून भोंकाची जागा ताडून पाहिली होती, त्यालाही पुढें मनाई झाली. या मनुष्याचा विषय पदार्थविज्ञान होता हें सांगावयास नकोच.)

म्हणजे सराव पुन्हां पायांवर व डोळ्यांवर आला. सामन्याच्या दोन-तीन दिवस अगोदर खेळाडू व कॅडी प्रत्येक हिरवळीवर जातात आणि आजचें भोंक सोडून भलत्याच जागीं चेंडू घरंगळवीत बसतात. पाहणाराला हा वेडेपणा वाटतो. परंतु भोंक रोज नव्या जागीं पाडतात. तेव्हां चार दिवस तें कोठें असूं शकेल याचा अंदाज बांधून त्या त्या जागेभोंवतीं पाहून ठेवावें लागतें. सर्वांत उंच जागा कोठें, सर्वांत सखल कोठें, पाणी बाहेर कोणत्या तोंडानें पडेल, हें प्रथम टिपतात. कांहीं जण पटर ओळंब्याप्रमाणें डोळ्यांसमोर धरून पाहतात. मार्क स्वीनी यांनीं रूढ केलेल्या पद्धतींत खेळाडू चेंडूच्या मार्गावर दोन पाय फांकून उभा राहतो, कोणत्या तळव्यावर भार अधिक येतो त्यावरून उतार एक टक्का कीं दोन तें ठरवितो, आणि तितकीं बोटें डोळ्यांसमोर धरून नेम काढतो. डोळे फसतात, तळवे सहसा फसत नाहींत, असा त्यामागील विचार.

आमचे एक स्नेही पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले. जन्म कालव्यांचे उतार काढण्यांत गेला. त्यांची पंधरा वर्षांची नात पुण्यांत गोल्फ शिकते. मुलांच्या एका सामन्यापूर्वीं ते तिच्याबरोबर मैदानावर गेले, आणि पहिल्याच हिरवळीवर त्यांचे डोळे चमकले. पुढील तीन दिवस पहाटे गवंड्याची लेव्हल व दोरी घेऊन त्यांनीं नऊ हिरवळी मोजल्या, घरीं चौकटींच्या मोठ्या कागदावर इंचाइंचाच्या समोच्च रेषा काढल्या, त्या निळ्या-तांबड्या शाईनें रंगविल्या. नकाशे खरोखर सुंदर होते. आम्हीं ते स्वतः पाहिले आहेत. परंतु मोठ्या प्रमाणाचा नकाशा चालत नाहीं हें कळल्यावर म्हाताऱ्यानें रात्र जागून ते सर्व खिशांत मावेल एवढ्या वहींत, भिंग लावून, पुन्हां काढले.

सामन्याच्या दिवशीं आम्हीही गेलों होतों. तिसऱ्या हिरवळीवर मुलीनें वही उघडली, नकाशांत सांगितल्याप्रमाणें दीड वीत वरच्या अंगाला नेम धरला, आणि बारा फुटांवरून टोला दिला. चेंडू भोंकाखालून वळला आणि पांच फूट उतरून गेला. तेथून दोन टोले. चौथ्या हिरवळीवर तोच प्रकार. आमच्या स्नेह्यांचा चेहरा पांढरा पडला. सामना चालू असतांना बोलण्याची मुभा नव्हती, म्हणून ते हातांतली छत्री घट्ट धरून उभे होते. सहाव्या हिरवळीवर मुलीनें वही खिशांत घातली ती पुन्हां बाहेर काढली नाहीं.

नकाशा चुकला नव्हता. झालें असें कीं सरावाच्या तीन दिवसांत गवत थोडें वाढलेलें होतें, सकाळीं दंव असे. सामन्याच्या पहाटे माळ्यांनीं तें दोनदां कातरलें व वरून रूळ फिरविला. उतार होता तोच राहिला, वेग पालटला. आणि वेग पालटला कीं त्याच उतारावर चेंडू अधिक वळतो हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. कालव्याचें पाणी कालच्याच वाटेनें जातें. चेंडूचें तसें नाहीं. मुलगी कोठेंतरी मध्यावर आली. घरीं परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तीच म्हणाली, "आजोबा, पाणी कोठें जाईल तें तुम्ही बरोबर सांगितलंत. किती जोरानें जाईल तें मात्र माझं मलाच पाहायला हवं होतं. सकाळीं सरावाच्या हिरवळीवर मीं चार चेंडू घातले असते तर कळलं असतं."

म्हातारेबुवा त्यावर कांहींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यांनीं वहीच्या प्रत्येक पानावर उजव्या बाजूस एक रकाना आंखला, त्यावर 'वेग' असें लिहिलें, आणि तो कोरा ठेवला. पुढील सामना दोन महिन्यांनीं होता. त्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही त्यांच्या घरीं सहज गेलों, तेव्हां नात अंगणांतल्या फरशीवर अनवाणी उभी होती, आणि आजोबा व्हरांड्यांतून विचारीत होते, "कोणता पाय जड लागतो?" ती म्हणाली, "डावा." ते उठले, लेव्हल घेऊन आले, फरशीवर ठेवली, चष्मा कपाळावर चढवून वांकून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां लेव्हल उचलून आंत ठेवण्यास गेले.